आयर्लंडची प्राचीन दैवते आणि आजची मंत्रसाधना

आयर्लंडचे नाव आपल्याकडे आले ते राजकारणाच्या वाटेने. १९१६ साली बेळगावास लोकमान्यांनी होमरूल लीग काढली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयरिश चळवळीकडूनच उसना घेतलेला होता. पुढे १९२० साली कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्‌स्विनी यांनी इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून देह ठेवला. डी व्हॅलेराचे नावही आपल्या मागच्या पिढ्यांना अपरिचित नव्हते. अशा रीतीने आयर्लंड म्हणजे स्वातंत्र्यासाठी झगडलेला एक लहानसा देश, एवढीच ओळख आपल्या मनात पक्की झाली. त्या देशाला स्वतःचे देव होते, ते कित्येक शतके पूजेवाचून राहिले, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत त्यांच्या नावाने पुन्हा दिवे लागू लागले, ही हकीकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही. ती येथे सांगावी असा आमचा विचार आहे.

प्रारंभीच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ‘जादू’ म्हटले की आपल्यापुढे रुमालातून कबूतर काढणारा जादूगार उभा राहतो. परंतु इंग्लंड-आयर्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या साधनेला हे नाव मिळाले तिचा हातचलाखीशी काही संबंध नाही. मंडल आखणे, दिशांना आवाहन करणे, दैवताचे ध्यान करणे, मंत्र म्हणणे, दीक्षा घेणे, आणि या सर्वांच्या योगे मनाला, व मनापलीकडे जे काही असेल त्याला, कार्यास लावणे, असा तिचा अर्थ तिचे उपासक करतात. म्हणून आम्ही पुढे ‘मंत्रसाधना’ हाच शब्द योजला आहे. ही साधना फळते की नाही याचा निकाल देणे इतिहास सांगणाराचे काम नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या साधनेत आज जे आयरिश देव वावरतात ते खरोखर जुने किती, नव्याने घडविलेले किती, आणि नवे ते जुने म्हणून सांगितले तर बिघडते काय?

आपल्याकडे देव म्हटला की त्याच्याबरोबर देऊळ, गुरव, जत्रा, नैवेद्य हा सारा संसार येतो. जेजुरीच्या खंडोबाविषयी काही शंका आली तर जेजुरीस जाऊन विचारता येते. उत्तरे चार मिळतील, पण मिळतील. आयरिश देवांविषयी विचारावे असे ठिकाणच उरलेले नाही. इ. स. ४३१ मध्ये पोपने पॅलेडियस नावाच्या बिशपला आयर्लंडास पाठविले. त्याच शतकात संत पॅट्रिकचे कार्य झाले. पुढील दोन-तीन शतकांत जुना धर्म मावळला. त्याचे आचार्य जे ड्रुइड, त्यांनी आपली विद्या लिहून ठेवली नाही. ओगम नावाच्या लिपीत दगडांवर काही शब्द कोरलेले सापडतात, पण त्यांत बहुधा माणसांची नावेच आहेत. तेव्हा आयरिश देवांविषयी आज आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सारे ख्रिस्ती मठांतून, ख्रिस्ती लेखकांच्या हातून आलेले आहे.

या लेखकांनी केवढे श्रम घेतले! क्लॉनमॅकनॉइस येथील मठाशी निगडित असलेली ‘तपकिरी गाईची पोथी’ ही आयरिश भाषेतील आज उपलब्ध असलेल्या मोठ्या पोथ्यांत सर्वांत जुनी. तिच्या लेखकांपैकी एक, मेल मुरे, १९०६ नव्हे, ११०६ साली, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, मठावर आलेल्या लुटारूंच्या हातून मारला गेला. लेन्स्टरची पोथी त्याच बाराव्या शतकातली. देवांच्या महायुद्धाची जी कथा ‘मॉय तुराची दुसरी लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे, ती तर सोळाव्या शतकातील एकाच हस्तलिखितात टिकली. ते एक बाड चुलीत गेले असते, तर आजच्या निम्म्या उपासकांना आपल्या दैवतांची कथाच ठाऊक नसती.

पण या भिक्षूंपुढे एक पेच होता. देव म्हणून लिहावे तर धर्म आड येतो. वगळावे तर पूर्वजांचा वारसा बुडतो. त्यांनी मधली वाट काढली. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘आयर्लंडच्या वसाहतींचे पुस्तक’ या ग्रंथात देवांना त्यांनी नोहाच्या वंशात बसविले आणि बाहेरून येऊन आयर्लंडात वसलेली एक विद्यासंपन्न जमात ठरविले. तिचे नाव ‘तुआहा दे दानन’. पुढे मीलचे पुत्र म्हणजे आजच्या आयरिश लोकांचे पूर्वज आले, आणि या जुन्या लोकांनी जमिनीखाली, गवताळ टेकड्यांच्या पोटात आपले वाडे केले. देव मेले नाहीत, भूमिगत झाले. ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याने देवांवर उपकारच केले म्हणावयाचे.

आता या दैवतांची थोडी ओळख करून घेऊ. दाग्दा हा त्यांतला वडीलधारा. त्याच्या कढईपाशी आलेला कोणी उपाशी परतत नाही. त्याच्या सोट्याच्या एका टोकाने माणूस मरतो, दुसऱ्याने जिवंत होतो. त्याच्या वीणेवर रडविणारा, हसविणारा आणि झोपविणारा असे तीन राग वाजतात. लूग हा सर्व कलांचा धनी. ताराच्या राजवाड्याच्या दारात तो उभा राहतो तेव्हा द्वारपाल विचारतो, तुला काय येते? तो म्हणतो, सुतारकाम. सुतार आमच्याकडे आहे. लोहारकाम. लोहारही आहे. योद्धा, वीणावादक, कवी, वैद्य, एकेक सांगून होते आणि एकेक नाकारले जाते. शेवटी लूग म्हणतो, राजाला जाऊन विचार, या साऱ्या कला एकट्याच्या अंगी असलेला कोणी आहे काय? दार उघडते. मॉरिगन ही रणदेवता. कावळ्याच्या रूपाने युद्धभूमीवर येणारी, वीर कू हुलिनशी ईल मासा, लांडगी आणि कालवड अशा तीन रूपांनी झुंजणारी. मनानान हा समुद्राचा स्वामी. आणि ब्रिगिड ही दाग्दाची कन्या, काव्याची देवता. तिला त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची आणि एक लोहारकामाची.

ब्रिगिडविषयीचे हे चार शब्द ज्या जुन्या कोशात आहेत तो कॅशेलचा राजा व बिशप कॉर्मक याच्या नावाने ओळखला जातो. कॉर्मक इ. स. ९०८ मध्ये लढाईत पडला. या कोशाचे इंग्रजी भाषांतर प्रथम कोठे छापले गेले असे वाचकांना वाटते? डब्लिनला नव्हे, लंडनलाही नव्हे. १८६८ साली कलकत्त्याला! त्याचे संपादक व्हिटली स्टोक्स हे आयरिश पंडित हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत होते आणि पुढे १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री झाले. आमच्या वकीलवर्गाला त्यांचे नाव कायद्यांच्या संहितांवरून आठवत असेल. दिवसा हिंदी कायद्यांचे मसुदे आणि उरलेल्या वेळात आयरिश देवांच्या पोथ्या, असा त्यांचा दुहेरी उद्योग होता. मॉय तुराच्या लढाईचे इंग्रजी भाषांतरही त्यांनीच १८९१ साली प्रसिद्ध केले.

या देवांना मंत्रात बोलावण्याची चाल जुनी आहे काय? थोडा पुरावा आहे, आणि तो मोलाचा आहे. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथील मठाच्या ग्रंथालयात आठव्या-नवव्या शतकातले एक आयरिश पान आहे. त्यावर आजारांवरचे मंत्र लिहिलेले आहेत. अंगात रुतलेला काटा निघावा म्हणून देवांचा लोहार गोइब्नू याच्या विद्येला साद घातली आहे. दुखणे बरे व्हावे म्हणून देववैद्य दियान केख्त याने मागे ठेवलेल्या मलमावर भरवसा व्यक्त केला आहे. आणि त्याच पानावर डोकेदुखीचा जो मंत्र आहे त्यात ख्रिस्ताचे नाव आहे! ज्याचे डोके दुखते त्याला धर्मशास्त्राचा वाद नको असतो, गुण हवा असतो. आपल्याकडच्या विंचू उतरविणाऱ्यांचे मंत्र ज्यांनी ऐकले असतील त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरा पुरावा कॉर्मकच्या कोशातलाच. ‘इम्बस फोरोस्ने’ म्हणजे ‘उजळून टाकणारे ज्ञान’ या नावाचा कवींचा एक विधी त्यात वर्णिला आहे. कवीने डुकराचे, कुत्र्याचे किंवा मांजराचे तांबडे मांस चघळावे, ते दारामागच्या शिळेवर ठेवावे, त्यावर मंत्र म्हणून देवांना अर्पण करावे, मग दोन्ही तळवे गालांवर ठेवून निजावे. जे कळावयाचे ते झोपेत कळते. याला कोणी जागवू नये म्हणून पहारा ठेवावयाचा. कोशकार पुढे सांगतो की पॅट्रिकने हा विधी बंद केला, कारण त्यात देवांना नैवेद्य होता. ज्या एका विधीत नैवेद्य नव्हता तो मात्र त्याने चालू ठेवला. धर्मांतराच्या काळी नेमके काय गेले आणि काय राहिले, याचा यापेक्षा बोलका दाखला क्वचितच मिळेल.

यानंतर देवांची नावे मंत्रांतून जवळजवळ लोपली. खेड्यांतून टेकडीखालच्या ‘चांगल्या लोकांची’ भीती उरली. क्लेअर परगण्यातील बिडी अर्ली नावाची, १८७४ साली वारलेली वैदू बाई एका बाटलीत पाहून उपाय सांगे. तिची शक्ती त्या लोकांकडून आली अशी समजूत होती. तिच्या आठवणी लेडी ग्रेगरी यांनी खेडुतांच्या तोंडून टिपून घेतल्या. पण ती परंपरा अदृश्य शेजाऱ्यांची आहे. दाग्दा आणि लूग यांना पुढे करणारी ती नव्हे.

त्यांना पुन्हा पुढे आणले ते शहरांतील सुशिक्षित तरुणांनी. १८८५ साली डब्लिनमध्ये डब्ल्यू. बी. येट्स आणि त्यांच्या मित्रांनी एक गूढविद्या मंडळ काढले. पुढच्याच वर्षी तेथे थिऑसॉफिकल सोसायटीची शाखा निघाली. १८९० साली येट्स लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त संघात दाखल झाले. १८८८ साली स्थापन झालेल्या या संघात ज्यूंची कब्बाला, ग्रीकांची चार महाभूते, टॅरोची पाने आणि दीक्षाविधी यांचा मेळ घातलेला होता. तेथे दृष्टान्त मिळविण्याची जी पहिली तालीम असे तिची साधने तर आपल्याला ओळखीचीच वाटतील: पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची चंदेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण, वायूचे निळे वर्तुळ आणि आकाशाचा गडद अंडाकार. चित्राकडे टक लावून पाहावयाचे, डोळे मिटावयाचे, आणि त्या आकृतीच्या दारातून मनाने आत शिरावयाचे. ही ‘तत्त्वे’ रामप्रसाद या हिंदी थिऑसॉफिस्टांच्या लेखनातून लंडनला पोचली होती.

१८९५ साली येट्स यांनी रॉस्कॉमन परगण्यातील लॉख की या सरोवरातले एक बेट पाहिले. बेटावर एक ओसाड गढी. त्यांच्या मनाने घेतले की येथे ‘वीरांचा गड’ उभारावा. आयर्लंडच्या उत्तम स्त्री-पुरुषांनी अधूनमधून येथे येऊन देशाच्या जुन्या देवांचे ध्यान करावे आणि तेज घेऊन परत कामाला लागावे. मॉड गॉन ही देशभक्त स्त्री, गोल्डन डॉनचे मॅदर्स पतिपत्नी, कवी जॉर्ज रसेल असे अनेकजण या खटाटोपात होते. दीक्षाविधींचे खर्डे तयार झाले. त्यांचा पाया म्हणजे देवांची चार रत्ने: फालचा पाषाण, लूगचा भाला, नूआदाची तलवार आणि दाग्दाची कढई. ही चार रत्ने देवांनी चार नगरांतून आणली असे मॉय तुराच्या कथेत आहे. येट्स यांच्या मंडळाने ती टॅरोच्या चार रंगांशी आणि चार महाभूतांशी जुळविली: पाषाण पृथ्वी, कढई पाणी, भाला अग्नी, तलवार वायू. आज जगात कोठेही आयरिश पद्धतीचे मंडल आखले जाते तेथे बहुधा हीच मांडणी दिसते, आणि बहुतेकांना ती ड्रुइडांची वाटते. जुन्या कथेत नगरे आहेत, रत्ने आहेत, रत्नांचे गुण आहेत. महाभूते कोठेही नाहीत. ती ग्रीसची.

गड कधी उभा राहिला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच तो बेत बारगळला. पण त्यामागचा विचार येट्स यांनी १९०१ साली ‘जादू’ या नावाच्या निबंधात मांडून ठेवला. माणसामाणसांच्या मनांच्या सीमा पक्क्या नाहीत, सर्वांच्या स्मृती मिळून निसर्गाची एक महास्मृती आहे, आणि प्रतीकांच्या द्वारे तिला जागे करता येते, असे त्याचे सार. हा विचार मान्य केला की पोथीची गरज उरत नाही. जे चर्मपत्रावर नाही ते महास्मृतीत असेल. आधुनिक मंत्रसाधनेचे सारे सामर्थ्य आणि सारा धोका या एका वाक्यात आहे असे आम्हांस वाटते.

जॉर्ज रसेल यांची गोष्ट निराळी. ‘ए. ई.’ या टोपणनावाने ते लिहीत. त्यांना टेकड्यांवर तेजोमय आकृती दिसत आणि ते त्या रंगवीत. १९१८ साली आपल्या ध्यानानुभवांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. परंतु हेच गृहस्थ १८९७ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी संघटनेत नोकरीस होते. सायकलवरून गावोगाव हिंडून पतपेढ्या काढीत. दुग्धालये, पेढ्या आणि शेती यांना वाहिलेले साप्ताहिक त्यांनी १९०५ पासून १९२३ पर्यंत चालविले. देव पाहणारा माणूस लोण्याचे भाव पाहण्यास कमी पडत नाही, हे सहकाराच्या या आपल्या प्रांतात मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

येट्स यांची वाट मात्र अखेरीस आपल्या दारापर्यंत आली. विदर्भातील बडनेऱ्यास १८८२ साली जन्मलेले श्री पुरोहित स्वामी १९३१ च्या सुमारास लंडनला येट्स यांना भेटले. स्वामींच्या आत्मवृत्ताला १९३२ साली येट्स यांनी प्रस्तावना लिहिली. स्वामींचे गुरू भगवान हंस यांनी मराठीत लिहिलेल्या मानससरोवर-कैलासाच्या यात्रावृत्ताचे स्वामींनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३४ साली येट्स यांच्याच प्रस्तावनेसह निघाले. दोघांनी मिळून दहा उपनिषदांचे भाषांतर केले, ते १९३७ साली छापले गेले. आयर्लंडच्या देवांसाठी गड बांधू पाहणाऱ्या कवीला म्हातारपणी एका वऱ्हाडी संन्याशाजवळ काय मिळाले? आमचा तर्क असा की, जे त्याला चाळीस वर्षे मिळत नव्हते ते: गुरूने शिष्याला तोंडाने सांगितलेली, मध्ये न तुटलेली विद्या. त्याच्या देवांची पोथी होती, गुरू नव्हता.

हा तुटलेला धागा जोडण्याचा यापुढचा प्रयत्न इंग्लंडात झाला आणि तो बराच सैल हाताने झाला. रॉबर्ट ग्रेव्हज या कवीचा ‘श्वेत देवी’ हा ग्रंथ १९४८ साली निघाला. कुमारी, माता आणि वृद्धा अशा त्रिरूपिणी देवीची कल्पना आणि ओगमच्या अक्षरांवरून रचलेले तेरा महिन्यांचे वृक्षपंचांग त्यातून सर्वत्र पसरले. पंचांग ग्रेव्हज यांच्या प्रतिभेतून निघालेले होते. तीन वयांची देवीही मॉरिगनला लावता येत नाही. जुन्या ग्रंथांत तिच्या जोडीला बाव आणि माखा या बहिणी आहेत, त्या मुलगी, आई आणि आजी नव्हेत. १९५१ साली इंग्लंडातील चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे ‘आजचे चेटूक’ हे पुस्तक निघाले. त्यातून वाढलेल्या ‘विक्का’ पंथाने आयरिश ऋतुसण आपलेसे केले: साउइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनासा. हे चार सण खरोखर जुने आहेत. त्यांत अयनदिन आणि विषुवदिन मिसळून आठ आऱ्यांचे वर्षचक्र बनले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर.

पुढे ही साधना पुन्हा आयर्लंडात उतरली. १९७६ साली जॅनेट आणि स्टुअर्ट फॅरार हे विक्का पंथाचे दांपत्य तेथे राहावयास गेले. त्याच वर्षी कार्लो परगण्यातील क्लॉनेगल येथील वाड्यात रॉबर्टसन कुटुंबीयांनी ‘फेलोशिप ऑफ आयसिस’ ही संस्था काढली. संस्थेचे नाव मिसरच्या देवीचे, पण वाड्याच्या तळघरातील देवळात ब्रिगिडलाही मान. अमेरिकेत १९८३ साली आयझॅक बोनविट्स यांनी नव्या ड्रुइडांचा एक संघ स्थापन केला, त्याचे नावच आयरिश भाषेत आहे.

या मंडळींत देवांना आज कोणती कामे सांगितली जातात ते पाहिले तर जुन्या कथा आणि नव्या गरजा एकमेकींत कशा मिसळतात ते कळते. कसब, धंदा, परीक्षा यांसाठी लूग. त्याच्या सणाला पहिल्या धान्याची भाकरी. घराच्या रक्षणासाठी आणि भरल्या ताटासाठी दाग्दा. ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांना नाही म्हणण्याचे बळ हवे, अशांची दैवत मॉरिगन. तिचे उपासक आज बहुधा सर्वांत अधिक बोलके आहेत. अमेरिकेतील नवड्रुइडांच्या विधीत दोन लोकांमधले दार उघडण्याचे काम पुष्कळदा मनानानकडे असते. समुद्राच्या पलीकडे अमरांचा देश आहे आणि तेथला मार्ग त्याला ठाऊक आहे, या जुन्या कथेवरून हे पद त्याला मिळाले. पद नवे, पण देवाच्या स्वभावाला साजेसे.

वैद्यकन्या एर्मेदची कथा तर येथे सविस्तर सांगितलीच पाहिजे. नूआदा राजाचा हात लढाईत तुटला. दियान केख्तने त्याला चांदीचा हात करून दिला. त्याचा मुलगा मीयाख याने पुढे जाऊन खरा हातच सांध्यास सांधा, शिरेस शिर जोडून परत बसविला. बापाला मत्सर अनावर झाला आणि त्याने मुलाला ठार केले. मीयाखच्या थडग्यावर त्याच्या सांध्यांच्या आणि शिरांच्या संख्येइतक्या ३६५ वनस्पती उगवल्या. बहीण एर्मेदने पदर पसरून त्या गुणांप्रमाणे वेगळ्या लावल्या. दियान केख्तने येऊन सगळ्या कालवून टाकल्या. म्हणून कोणत्या रोगाला कोणते झाड, हे पुरते ज्ञान माणसांना राहिले नाही. एर्मेदची सारी कथा इतकीच, काही ओळींची. पण औषधी वनस्पतींची उपासना करणाऱ्या आजच्या अनेक स्त्रिया तिच्या नावाने दिवा लावतात. आम्हांला या कथेत आयरिश देवांच्या साऱ्या इतिहासाचे चित्र दिसते. एकेकाळी नीट लावलेले ज्ञान कोणीतरी कालवून टाकले. आता प्रत्येकजण पदर पसरून बसला आहे आणि पुन्हा निवडतो आहे. निवडणाऱ्याने कोणते पान थडग्यावरचे आणि कोणते आपल्या परसातले, एवढे तरी सांगितले पाहिजे.

ही मागणी आम्हीच करतो असे नाही. १९८० नंतर या उपासकांतच एक काटेकोर पक्ष पुढे आला. त्याने जुनी आयरिश भाषा, पोथ्या आणि लोकाचार यांचा अभ्यास साधनेचा पाया मानला, आणि ग्रंथात आधार असलेली गोष्ट व पडताळा न झालेला स्वानुभव यांना दोन वेगळी नावे दिली. ‘मला मॉरिगनला निळी फुले आवडतात असे जाणवले’ असे म्हणावयास कोणाची आडकाठी नाही. ‘मॉरिगनला प्राचीन काळापासून निळी फुले वाहतात’ असे म्हणू नये. श्रद्धेच्या क्षेत्रात एवढा सरळपणा पाळणारे पंथ फार नसतात.

ब्रिगिडच्या बाबतीत हा सरळपणा विशेष कसास लागतो. किल्डेअर येथे संत ब्रिगिडचा मठ होता. बाराव्या शतकात वेल्सचा गेराल्ड तेथे येऊन गेला. एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एक अग्नी अखंड जागता ठेवतात, विसाव्या रात्री स्वतः ब्रिगिड ठेवते, त्याची राख वाढत नाही, आणि भोवतीच्या कुंपणाच्या आत पुरुषाने जावयाचे नाही, असे त्याने लिहून ठेवले. संत आणि देवी यांचे नाव एक, संताचा दिवस १ फेब्रुवारी हाच इम्बोल्कचा दिवस. यावरून अग्नी मूळचा देवीचा असे पुष्कळजण ठामपणे सांगतात. तसे असणे शक्य आहे. सिद्ध झालेले नाही. १९९३ साली किल्डेअरला ब्रिगिडच्या नावाच्याच ख्रिस्ती जोगिणींनी तो अग्नी पुन्हा पेटविला. २००६ साली गावच्या चौकात राष्ट्राध्यक्षा मेरी मॅक्‌अलीस यांच्या हस्ते ज्योत लागली. २०२३ पासून ब्रिगिडच्या दिवसासाठी आयर्लंडात सार्वजनिक सुटी असते. आदल्या रात्री बाहेर कापड ठेवावे, त्यावर ब्रिगिडचा हात फिरतो आणि ते डोकेदुखीवर चालते, ही चाल कॅथलिक घरांतून चालत आलेली आहे. आज तेच कापड देवीचे उपासकही ठेवतात. एकाच रात्री, एकाच नावाने. कोणाचे कापड खरे, हे विचारण्यात काय अर्थ आहे?

सगळीकडे मात्र असा समजूतदारपणा नसतो. उत्तर आयर्लंडात डेरी परगण्यातील बिनेव्हेना डोंगरावर समुद्राकडे हात पसरलेला मनानानचा पुतळा उभारला होता. २०१५ च्या जानेवारीत तो कोणी कापून नेला. जागेवर एक लाकडी क्रूस ठेवला होता, आणि दुसरे देव मानू नका या अर्थाची बायबलातली आज्ञा त्यावर लिहिली होती. पुतळा काही आठवड्यांनी जवळच सापडला. २०१६ साली तेथे नवा बसविला गेला. चौदाशे वर्षे पूजा नसलेल्या देवाच्या पुतळ्यावर करवत चालविण्याइतका राग एकविसाव्या शतकात कोणाला येतो, यावरूनच हा देव केवळ पुस्तकातला राहिलेला नाही हे उघड होते.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आयरिश देवांची नावे आणि कथा जुन्या आहेत. त्यांना बोलावण्याची आजची रीत बव्हंशी नवी आहे. तिच्यात ग्रीस आहे, ज्यूंची कब्बाला आहे, लंडनचे गुप्त संघ आहेत, आणि थोडे हिंदुस्थानही आहे. नवे असण्यात कमीपणा काही नाही. प्रत्येक परंपरा कोणत्या तरी दिवशी नवी होती. पण नव्याला जुने म्हटले की दोन नुकसाने होतात. जुने काय होते ते कळेनासे होते, आणि आपल्या पिढीने स्वतः काय निर्मिले त्याचे श्रेयही हातचे जाते.

लेन्स्टरच्या पोथीत कू हुलिनचे महाकाव्य संपते तेथे एकापुढे एक दोन टिपा आहेत. पहिली आयरिश भाषेत: जो कोणी ही कथा आहे तशी मुखोद्गत करील आणि तिला दुसरे रूप देणार नाही त्याला आशीर्वाद असो, अशा आशयाची. दुसरी लॅटिनमध्ये: ज्याने ही कथा लिहिली तो मी तिच्यातल्या पुष्कळ गोष्टींवर विश्वास ठेवीत नाही, काही भुतांच्या करामती, काही कवींच्या कल्पना, काही खऱ्यासारख्या, काही नाहीत, काही मूर्खांच्या रंजनासाठी, असे तिचे तात्पर्य. तो देव मानीत नव्हता, तरी त्यांच्या कथेतला शब्दही त्याने गाळला नाही. आणि आपले मत दिले ते कथेत मिसळून नव्हे, कथा संपल्यावर, वेगळ्या भाषेत, खाली. आज जे या देवांना मानतात आणि जे मानीत नाहीत, त्या दोघांनीही या माणसाकडून घेण्यासारखे एवढेच आहे. कथा आहे तशी पुढे द्यावी, आणि आपले जे असेल ते टिपेत, आपल्या नावावर लिहावे.